किचन सिंक: सिंगल की डबल, वरून की खालून, स्टील की क्वार्ट्झ?

स्वयंपाकघराचं काम काढलं की सिंकची चर्चा बहुतेक वेळा रंगापासून सुरू होते. काळं क्वार्ट्झ घ्यावं की स्टीलच बरं? माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा. राहत्या घरात भिंतीतला सांडपाण्याचा पाइप, खालच्या कपाटाची रुंदी आणि जुना ओटा ठेवणार की काढणार, या तीन गोष्टींनीच निम्मे पर्याय बाद होतात. म्हणून तुलना तिथून सुरू करू.

आठ इंच खोल की दहा?

खोल सिंकातून पाणी बाहेर उडत नाही आणि खरकटी भांडी नजरेआड राहतात, त्यामुळे दहा इंची सिंक लगेच आवडतं. घेण्याआधी पाइपचा हिशेब मात्र करा. समजा, ओटा जमिनीपासून 34 इंचांवर आहे. ओट्याच्या खालून बसवलेलं दहा इंची सिंक घेतलं, तर दगडाची जाडी धरून त्याचा तळ साधारण 23 इंचांवर येतो. त्याखाली जाळी, कपलिंग (जोडणीचा तुकडा) आणि ट्रॅप (थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणारी वळणाची नळी) मिळून सहा-आठ इंच जातात. म्हणजे पाणी बाहेर पडणार 16 इंचांच्या आसपास. भिंतीतला पाइप 18 इंचांवर असेल तर पाणी वर चढणार कसं? मग ते सिंकात नाहीतर ट्रॅपच्या वरच्या नळीत साचून राहतं, वास मारतं, किंवा भिंत फोडावी लागते. त्याच जागी वरून बसवलेलं आठ इंची सिंक निमूट चालतं.

दुसरा हिशेब पाठीचा. उंच माणसाला खोल सिंकाच्या तळापर्यंत जास्त वाकावं लागतं, आणि भांडी घासणं हे रोजचं काम आहे. घरात जो सगळ्यात जास्त वेळ सिंकापुढे उभा राहतो, त्याला दुकानात घेऊन जा आणि ओट्याच्या उंचीवर मांडलेल्या सिंकाच्या तळाला हात लावायला सांगा. आठ ते नऊ इंच ही खोली बहुतेकांना झेपते.

सिंगल बाउल की डबल?

इथे माझं मत स्पष्ट आहे: जागा कमी असेल तर सिंगल. 32 इंची डबल सिंकात एकेक बाउल जेमतेम 14 इंचांचा उरतो. त्यात मोठं पातेलं किंवा ओव्हनचा ट्रे सपाट बसत नाही. तो तिरका धरून, अर्धा आत अर्धा बाहेर असा घासावा लागतो आणि पाणी कोपरापर्यंत ओघळतं. डबल बाउलचा फायदा एकाच वेळी दोन कामं होणाऱ्या घरात आहे, म्हणजे एकीकडे भाजी धुणं आणि दुसरीकडे खरकटी भांडी. डिशवॉशर असेल तर दुसऱ्या बाउलची गरज बरीच कमी होते. सिंगल बाउलमध्ये कडेवर सरकणारी जाळीची टोपली ठेवली की धुणं-निथळणं भागतं, आणि टोपली उचलली की पूर्ण जागा मोकळी.

निवडण्याआधी घरातलं सगळ्यात मोठं भांडं टेपने मोजा. सिंकाचंही आतलं माप विचारा, कारण 24 बाय 18 अशी जी मापं सांगतात ती बहुधा कडांसकट असतात.

वरून की खालून?

जुना ओटा ठेवणार असाल तर वरून बसणारं सिंक सोपं. त्याची कड ओट्यावर टेकते, कापलेल्या दगडाची ओबडधोबड बाजू झाकली जाते आणि पुढे बदलणंही सोपं जातं. तोटा एवढाच की ओटा पुसताना पाणी आणि खरकटं त्या उंचवट्याला अडतं.

खालून बसवलेल्या सिंकात ओट्यावरचं सगळं सरळ आत लोटता येतं, आणि एकदा ही सवय लागली की ती सुटत नाही. पण त्यासाठी ओटा ग्रॅनाइटसारख्या भरीव दगडाचा आणि कापलेली कड पॉलिश केलेली हवी. मध्यम सिंकात काठोकाठ पाणी भरलं तर त्याचंच वजन 50 किलोच्या घरात जातं, त्यामुळे नुसत्या चिकटपदार्थावर ते टांगू देऊ नका. खाली क्लिपा किंवा आधाराची चौकट हवीच. दगड आणि सिंक यांच्यामधली सिलिकॉनची रेघ ओली राहिली की काळी पडते. ती कोरडी पुसायची तयारी नसेल तर वरून बसणारं घ्या.

स्टील की क्वार्ट्झ?

स्टीलमध्ये 304 ग्रेड मागा. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, म्हणून त्याला 18/8 असंही म्हणतात. 202 सारख्या स्वस्त ग्रेडमध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि ते डाग लवकर धरतं. चिकटला नाही म्हणजे 304, असं दुकानदार चुंबक लावून दाखवतात, पण त्यावर विसंबू नका. चुंबक 202 लाही चिकटत नाही, आणि अस्सल 304 लाही दाबून वळवलेल्या कोपऱ्यांत किंचित चिकटू शकतो. ग्रेड बिलावर लिहून घ्या. जाडी गेजमध्ये न विचारता मिलिमीटरमध्ये विचारा, कारण गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: 16 गेज म्हणजे सुमारे 1.5 मिमी, 18 म्हणजे 1.2, तर 20 म्हणजे 0.9. घरासाठी 1.2 पुरेसा आहे. भांड्यांचा खणखणाट कमी हवा असेल तर सिंक उलटं करून खालचे जाड रबरी पॅड बघा.

चकचकीत फिनिशवर पहिल्याच आठवड्यात ओरखडे उठून दिसतात, मॅटमध्ये ते मिसळून जातात. वेल्डिंग करून बनवलेल्या चौकोनी सिंकाचे अगदी काटकोनी कोपरे देखणे खरे, पण तिथे खरकटं अडकतं आणि घासणी पोहोचत नाही. थोडी गोलाई असलेले कोपरे निवडा, आणि सपाट तळाला जाळीकडे उतार आहे ना, हे थोडं पाणी ओतून पाहा. ब्लीच किंवा संडासाचं ॲसिड स्टीलवर राहू देऊ नका, त्याने बारीक खड्डे पडतात.

क्वार्ट्झ सिंक म्हणजे साधारण पाऊण हिश्श्याहून जास्त दगडाचा चुरा आणि बाकी ॲक्रिलिक राळ. आवाज कमी, ओरखडे कमी. उकळत्या पाण्याने काही होत नाही, मात्र आचेवरून काढलेला तापलेला तवा थेट ठेवू नये. जड लोखंडी भांडं कडेवर आपटलं तर टवका उडतो. स्टीलला पोचा पडला तरी सिंक चालतं, टवका मात्र कायमचा दिसत राहतो. तुमच्याकडे पाणी जड असेल तर काळ्या रंगावर पांढरे क्षार उठून दिसतात, तेव्हा करडा किंवा वाळूचा रंग बरा. जड भांडी रोज आपटणाऱ्या घराला मी स्टीलच सुचवेन. शांत, खुलं स्वयंपाकघर असेल आणि सिंक पुसून ठेवायची सवय असेल तर क्वार्ट्झ.

फायरक्ले (भट्टीत भाजलेली चिनीमातीसारखी माती) आणि एनॅमल चढवलेलं बीड (ओतीव लोखंड) यांचा विचार फक्त कपाट नव्याने, भक्कम बांधणार असाल तरच करा. दोन्ही फार जड, आणि हातातून निसटलेला काचेचा पेला त्यांत क्वचितच वाचतो.

दगड कापणाऱ्याला कॅटलॉगमधलं माप देऊ नका, सिंक आणि नळ दोन्ही आधी घरी आणा. 24 इंच रुंद ओट्यावर पुढे तीन इंचांची पट्टी सोडून 18 इंची सिंक बसवलं, तर मागे तीनच इंच उरतात. तेवढ्या जागेत नळाचं भोक पाडता येतं, पण मागे ढकलायचा दांडा असलेला नळ असेल तर तो भिंतीला आपटतो आणि गरम पाणी पूर्ण उघडत नाही. असं असेल तर दांडा बाजूला असलेला नळ घ्या, किंवा सिंक 16 इंचांचं.