कॉर्निसच्या मापात 51,900 रुपये गेले, मोजपट्टी घरातच होती

हे लिहायला मला चार महिने लागले. कारण सरळ आहे, लाज वाटत होती. 31 वर्षं मी बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. आजही नोटांची गड्डी हातात घेतली की एखादी कमी आहे का ते अंगठ्याला कळतं. आणि मला एका माणसाने माझ्याच हॉलमध्ये उभं राहून साध्या बेरजेत फसवलं.

आमचा फ्लॅट नाशिकला, इमारत 22 वर्षांची. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे सगळीकडे केसासारख्या भेगा पडल्या होत्या. दोनदा पुट्टी भरून झाली, दर पावसाळ्यानंतर त्या पुन्हा दिसायच्या. फेब्रुवारीत मुलाचं लग्न, घरी पाहुणे येणार, म्हणून रंग काढायच्या आधी कडेने कॉर्निस, म्हणजे छत आणि भिंतीच्या सांध्यावर बसणारी शोभेची पट्टी, करून घ्यायचं ठरवलं. आपण पीओपीची कॉर्निस म्हणतो तीच, हल्ली तिला क्राउन मोल्डिंग म्हणतात. शोभाही येते आणि भेगाही झाकल्या जातात. हौस म्हणून उधळपट्टी केली असं कुणी म्हणू नये, म्हणून एवढं सांगितलं.

ठेकेदार ओळखीतून आला होता. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी नंबर दिला. त्यांच्याकडे त्याने फक्त बेडरूमचा रंग काढला होता आणि तेवढं काम चांगलं झालं होतं, हे नंतर कळलं. शिफारस घेताना ‘नेमकं कोणतं काम केलं’ हे विचारा. रंग चांगला काढणारा मोल्डिंग चांगलं लावेल, असं काही नसतं.

3 डिसेंबरला तो माप घ्यायला आला. बोलायला गोड, चपला बाहेर काढून आत आला, देवघराला नमस्कार केला. लेझरचं यंत्र भिंतीला लावायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलने लिहीत होते. हॉल 18 आणि 11. मोठी बेडरूम 12 आणि 11. लहान बेडरूम 11 आणि 10. सहा आकडे, माझ्याच अक्षरात. ते पान अजून माझ्याकडे आहे.

मग त्याने मोबाइलवर काहीतरी केलं आणि म्हणाला, “ताई, 292 रनिंग फूट होतात. पण घरचं कार्य आहे तुमचं, मी 270च धरतो.”

आणि मी त्याचे आभार मानले. 22 फूट सोडून दिले म्हणून मी त्याला दुसऱ्यांदा चहा टाकला.

त्या सहा आकड्यांची बेरीज 73 होते. प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन-दोन भिंती, म्हणून त्याची दुप्पट, 146. झालं, एवढंच माप. घरातल्या तिन्ही खोल्यांची कड 146 फूट. कोपऱ्यात पट्टी तिरकी कापताना तुकडे वाया जातात, त्यासाठी दहा टक्के वर धरा, 161 फूट. त्यापुढे एक फूटही लागत नाही. त्याने 146ची पुन्हा दुप्पट केली होती. महिनाभराने मी त्याला मेसेज करून विचारलं तेव्हा त्याचं उत्तर आलं, “पट्टी छतालाही टेकते आणि भिंतीलाही टेकते, दोन्ही बाजू धरतात.” असं कुणी धरत नाही. रनिंग फूट म्हणजे पट्टीची लांबी. ती किती रुंद आहे, किती घड्यांची आहे, कशाला टेकते, याचा लांबीशी संबंध नाही. रुंद पट्टीचा दर जास्त असू शकतो, फूट वाढत नाहीत.

पेन्सिल माझ्या हातात होती. आकडे माझ्यासमोर होते. ती बेरीज करायला मला दहा सेकंदही लागले नसते. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ते पान दिसतं, आणि त्यावर मी न मारलेली बेरजेची रेघ दिसते.

दर ठरला फुटाला 185 रुपये, बसवण्यासकट. माल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, वाळवी लागत नाही, पाणी लागलं तरी फुगत नाही, असं त्याने सांगितलं. पीयूबद्दल ते खरंही आहे. 270 गुणिले 185, 49,950. खऱ्या मापाने, वाया जाणारा माल धरूनही, 29,785 व्हायला हवे होते. म्हणजे एक पट्टी भिंतीला लागायच्या आधीच 20,165 रुपये गेले होते.

बिल मागितलं होतं मी. मागितलं नाही असं समजू नका. तो म्हणाला, “बिल हवं तर 18 टक्के जीएसटी वेगळा पडेल, बघा.” म्हणजे 8,991 रुपये वर. लग्नघर आहे, आठ-नऊ हजारांत दहा कामं होतात. मी नको म्हटलं. त्या नको म्हणण्यामुळे आज माझ्याकडे मालाचं नाव, दर, माप लिहिलेला एकही कागद नाही. जीएसटी भरा नाहीतर भरू नका, पण साध्या वहीच्या पानावर तरी खोलीवार माप, दर, मालाचं नाव, त्याची सही आणि राहता पत्ता लिहून घेतल्याशिवाय रुपया काढू नका.

5 डिसेंबरला 25,000 आगाऊ दिले, यूपीआयने. स्क्रीनवर नाव वेगळंच आलं. विचारलं तर म्हणाला, “भावाचं खातं आहे ताई, माझं केवायसी राहिलंय.” बँकेत असताना असं उत्तर देणाऱ्या माणसाला मी काउंटरवरून परत पाठवलं असतं. घरात मात्र बटण दाबलं. 14 तारखेला माल आला म्हणून आणखी 15,000 दिले.

16 ते 18 डिसेंबर दोन पोरं येऊन काम करत होती. पट्टी करवतीने कापली की पांढरे गोल दाणे उडायचे, अगदी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. पोरांच्या हाताच्या केसांना चिकटून बसायचे. मी स्वतः केर काढला तेव्हा ते झाडूच्या पुढे पळत होते, गोळाच होईनात, शेवटी ओल्या फडक्याने टिपले. मला वाटलं, पट्ट्यांच्या खोक्यातलं पॅकिंग असेल. खोकी तर गॅलरीत होती आणि दाणे हॉलमध्ये पडत होते! पीयू कापला तर बारीक भुकटी पडते. दाणे पडतात ते थर्माकोलचे. वरून पांढऱ्या लेपाचा पातळ थर दिलेला होता, हाताला कडक लागायचा, म्हणून संशय आला नाही.

18 तारखेला तो म्हणाला, कोपरे वेगळे असतात. तीन खोल्यांचे 12 कोपरे, प्रत्येकी 450, म्हणजे 5,400. “बसवण्यासकट” ठरलं होतं ना, असं मी म्हटलं, तर म्हणाला पट्टी सकट, कोपरे नाही. पोरं शिडीवर उभी, हॉलच्या तीनच भिंती झालेल्या, घरभर पसारा. मी 5,400 रोख दिले. त्याच दिवशी रंगाच्या सामानासाठी 6,500 यूपीआयने. एकूण 51,900.

तोपर्यंत काम झालं होतं 93 फूट. हॉलचे 47 आणि मोठ्या बेडरूमचे 46. 19 तारखेला पेंटर येणार होता, तो आला नाही. 20 तारखेला फोन आला, वडील आजारी आहेत, गावी आलोय. मी वर तब्येतीची विचारपूस केली. महिनाभर तो मेसेजला अधूनमधून उत्तर द्यायचा, मग फोन बंद.

11 जानेवारीच्या रात्री हॉलमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज झाला. लांब भिंतीवरची आठ फुटांची पट्टी सुटून सोफ्यावर पडली होती. स्क्रू नाही, खिळा नाही, मागे गोंदाचे चार ठिपके. मोडलेल्या जागेतून दाणे सांडत होते. मुलाने घरातलं थिनर आणून एक थेंब टाकला, त्या जागी डोळ्यांदेखत खळगा पडला. थर्माकोल थिनरमध्ये विरघळतो, पीयूला एका थेंबाने असं होत नाही. माल आला की एक तुकडा कापून घ्या आणि हे करून बघा, पट्ट्या वर चढायच्या आधी. दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने हातात घेऊन सांगितलं, 45 रुपये फूट. 93 फुटांचे 4,185 रुपये.

आता पुढचं. मला राग त्या माणसाचा जेवढा आहे, त्याहून जास्त याचा आहे.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेले तेव्हा दीड तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, “मावशी, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा.” दुसऱ्यांदा मुलगा बरोबर होता. तेव्हा साहेब म्हणाले, “पैसे तुम्हीच दिलेत ना? काम थोडं तरी झालंय ना? मग फसवणूक कशी?” पीयू सांगून थर्माकोल लावला, एक पट्टी दोनदा मोजली, दुसऱ्याच्या खात्यात पैसे घेतले आणि फोन बंद केला. पहिल्या दिवसापासून नियत खोटी असेल तर ती फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे. मी ते छापून नेलं होतं. त्यांनी कागद हातात घेतला नाही. तिसऱ्या वेळी अर्ज ठेवून घेतला, पण पोच द्यायला तयार नव्हते. मी उठले नाही, तेव्हा झेरॉक्सवर शिक्का मिळाला. पोच घेतल्याशिवाय उठू नका, कुणी कितीही हळू आवाजात समजावलं तरी. ठाण्यात नोंद घेत नसतील तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे तक्रार लेखी पाठवता येते, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, मुलाच्या वकील मित्राने सांगितलं.

1930ला फोन केला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. ते म्हणाले, हा सायबर गुन्हा नाही, माणूस तुमच्या घरी आला होता. 1915ला फोन केला, ग्राहकांच्या हेल्पलाइनला. बोलणारी मुलगी सभ्य होती, तक्रार नोंदवून क्रमांक दिला, पण समोर कंपनी नाही, दुकान नाही, त्यामुळे पाठवणार कुणाला? शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं. पावत्या 46,500च्याच आहेत, कारण 5,400 रोख दिले होते. रोख देऊ नका हो, कोपऱ्यांचे नाही, चहापाण्याचेही नाही.

आयोगाची नोटीस परत आली. पत्ता अपुरा. त्याच्या कार्डावरच्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन आले होते, तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानदाराने हा माणूस कधी पाहिलेला नाही. कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तक्रार शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावी. मिळाल्यापासून! नोटीस मिळालीच नाही तर ते तीन महिने सुरूच होत नाहीत.

ज्या खात्यात पैसे गेले त्या खातेदाराचं नाव माझ्या मोबाइलवर आहे. त्याचा पत्ता, फोटो, आधार सगळं त्याच्या बँकेत आहे. मी बँकेत होते, मला माहीत आहे ते कुठे असतं आणि काढायला किती वेळ लागतो. बँक मला तो पत्ता देणार नाही आणि ते बरोबरच आहे, मीसुद्धा कुणाला दिला नसता. पण पोलिसांचं पत्र आलं की द्यावा लागतो. नोकरीत असताना अशी पत्रं मी कितीतरी पाहिली, पाच-सहा ओळींची असतात. तेवढं पत्र लिहा, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी मी आतापर्यंत सात वेळा ठाण्यात गेले. कधी बंदोबस्त, कधी साहेब रजेवर, कधी “अर्ज वर पाठवलाय”. एकाने तर म्हटलं, “पन्नास हजारांसाठी कशाला एवढी दगदग, मुलाचं लग्न नीट पार पडलं ना?” माझ्या पेन्शनमधून साठवलेले पैसे होते ते.

लग्न पार पडलं. त्याआधी उरलेल्या पट्ट्या काढून पीओपीची कॉर्निस करून घेतली. नव्या कारागिराला मी आधी माझं माप दाखवलं, 146 फूट. त्याने स्वतःच्या पट्टीने मोजलं, तेवढंच आलं. 75 रुपयांनी 10,950, कोपरे त्यातच, आणि जुनं काढायचे 2,500. त्याने पत्र्याचा साचा ओल्या पीओपीवरून ओढून जागेवरच कॉर्निस केली, दोन दिवसांत. पैसे खोलीखोलीने घेतले, खोली पूर्ण झाल्यावर. ज्या कामाला 13,450 पुरले, त्याला माझे 65,350 गेले.

मोडलेला आठ फुटांचा तुकडा जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभा ठेवला आहे. घरातले फेकून दे म्हणतात. सोमवारी आठव्यांदा ठाण्यात जाते आहे, तेव्हा तो रिक्षात घालून बरोबर नेणार आहे.