अमेरिकेतील सैनिकी कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांसाठी नेतृत्व फेलोशिप: कोणती, कोणासाठी?

अमेरिकेतील महाविद्यालये ज्यांना ‘मिलिटरी-कनेक्टेड’ विद्यार्थी म्हणतात, त्यांत लष्करातून बाहेर पडलेले माजी सैनिक, अजून सेवेत असलेले जवान, नॅशनल गार्ड (राज्यांचे अर्धवेळ सैन्यदल) व राखीव दलांतील मंडळी आणि या सर्वांचे जोडीदार व मुले असे अनेक प्रकारचे लोक येतात. त्यांच्यासाठी असलेल्या नेतृत्व फेलोशिप मात्र या सगळ्यांना सारख्याच खुल्या नसतात, आणि निवड करताना पहिली चाळणी इथेच लागते. टिलमन शिष्यवृत्ती सेवेतील सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या जोडीदारांना मिळते. मुलांना मिळत नाही. ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’, म्हणजे व्हीएफडब्ल्यू, या संघटनेच्या फेलोशिपसाठी तिचे सदस्यत्व लागते आणि ते परदेशातील मोहिमेवर वा धोक्याच्या क्षेत्रात सेवा केलेल्यांनाच मिळते. त्यामुळे चार वर्षे टेक्सासमधल्या तळावर चोख काम केलेला सैनिक तिथे बसत नाही. माजी सैनिक व्यवहार खात्याची, म्हणजे व्हीएची, ‘वर्क-स्टडी’, म्हणजे शिकता शिकता तासांवर काम करून मोबदला मिळवण्याची, योजना मात्र या खात्याचा शैक्षणिक लाभ घेणाऱ्या मुलामुलींनाही घेते.

हा विषय मराठी घरांपासून वाटतो तितका दूर नाही. २००९ ते २०१६ या काळात ‘मावनी’ नावाच्या योजनेतून विद्यार्थी व्हिसावर आलेले अनेक भारतीय तरुण, हिंदीसारख्या भाषेच्या बळावर, अमेरिकी सैन्यात भरती झाले आणि त्यातून नागरिकही झाले. त्यांपैकी जे आता पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करीत असतील, त्यांना पुढील तुलना उपयोगी पडावी.

फेलोशिपची रक्कम पाहण्याआधी जीआय बिलाचे, म्हणजे सैनिकी सेवेच्या बदल्यात शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजनेचे, गणित समजून घेतलेले बरे, कारण बहुतेक अर्जदार इथेच फसतात. १ ऑगस्ट २००९ पासून लागू झालेले पोस्ट-९/११ जीआय बिल पूर्ण पात्रता असलेल्या विद्यार्थ्याला सर्वसाधारणपणे ३६ महिन्यांचे शुल्क, घरभाडे भत्ता आणि पुस्तकांसाठी काही रक्कम देते. परंतु शुल्काच्या बाबतीत सरकार केवळ निव्वळ रक्कम भरते. एखादी शिष्यवृत्ती फक्त शुल्कासाठी म्हणून थेट महाविद्यालयाकडे जमा झाली, तर सरकारचा वाटा तेवढाच कमी होतो आणि विद्यार्थ्याच्या हाती काहीच जास्त येत नाही. म्हणजे शुल्कापुरत्या बांधलेल्या ५,००० डॉलरपेक्षा कशावरही खर्च करता येणारे २,००० डॉलर अशा विद्यार्थ्याला अधिक मोलाचे ठरतात. दुसरी गोष्ट अशी की दोन सत्रांमधल्या सुट्टीत घरभाडे भत्ता थांबतो. पंचविशी ओलांडलेल्या, घरात लहान मूल असलेल्या विद्यार्थ्याला डिसेंबर-जानेवारीतली ती पोकळी चांगलीच जाणवते. म्हणून फेलोशिपचे पैसे किती, याइतकेच ते केव्हा आणि कोणाच्या खात्यात येतात हेही विचारले पाहिजे.

या सर्वांत टिलमन शिष्यवृत्तीचे नाव सर्वांत मोठे आहे. पॅट टिलमन हा ॲरिझोना कार्डिनल्स संघाचा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. लक्षावधी डॉलरचा करार नाकारून तो २००२ मध्ये सैन्यात दाखल झाला आणि २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात आपल्याच बाजूच्या गोळीबारात मारला गेला. त्याच्या नावाची संस्था २००४ मध्ये उभी राहिली आणि २००८ पासून ती शिष्यवृत्त्या देते. दरवर्षी देशभरातून सुमारे ६० जणांची निवड होते. रक्कम व्यक्तीच्या गरजेनुसार बदलते, आणि ती शुल्काबरोबरच पुस्तके व राहण्याखाण्याच्या खर्चासाठीही वापरता येते. वरचे गणित लक्षात घेता ही मोठीच जमेची बाजू आहे. निवडीत गुणांपेक्षा अर्जदाराला पुढे नेमके काय करायचे आहे, हे निबंधांतून व मुलाखतीतून पारखले जाते. वैद्यक, कायदा, सार्वजनिक धोरण यांसारख्या अभ्यासक्रमांना असलेल्या, दिशा ठरलेल्या माणसाला याचा फायदा होतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या, विषयही न ठरलेल्या विद्यार्थ्याने इथे अर्ज करू नये असे नाही, पण त्याने फार भरवसा ठेवू नये. शिवाय ही शिष्यवृत्ती माणसाला घडवते, त्याच्या महाविद्यालयातील इतर सैनिकी विद्यार्थ्यांना तिचा थेट लाभ होईलच असे नाही.

व्हीएफडब्ल्यूची फेलोशिप अगदी वेगळ्या घाटाची आहे. ‘स्टुडंट व्हेटरन्स ऑफ अमेरिका’, म्हणजे एसव्हीए, या संघटनेबरोबर ती सुरू झाली, तेव्हा एका तुकडीत दहाच विद्यार्थी घेतले जात. फेलो माजी सैनिकांशी संबंधित एखादा धोरणात्मक प्रश्न निवडून आपल्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली सत्रभर त्यावर काम करतो आणि वसंत ऋतूत व्हीएफडब्ल्यूच्या वॉशिंग्टन परिषदेला जाऊन काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांच्या कार्यालयांत तो मांडतो. पैशांच्या हिशेबाने पाहिले तर यात फारसे काही नाही. परंतु ज्याला धोरणाच्या क्षेत्रात किंवा सरकारी नोकरीत जायचे आहे, त्याला वॉशिंग्टनमधले ते काही दिवस एका जास्तीच्या विषयापेक्षा अधिक देऊन जातील, असे माझे मत आहे.

एसव्हीए ही संघटना २००८ मध्ये स्थापन झाली आणि आज तिच्या दीड हजारांवर शाखा आहेत. शाखेचे अध्यक्षपद ही कागदोपत्री फेलोशिप नव्हे, पण काही महाविद्यालये या पदाला मानधन जोडतात, आणि निवडक शाखाप्रमुखांसाठी संघटना काही दिवसांचे नेतृत्व प्रशिक्षणही घेते. या कामाला बाहेरून प्रतिष्ठा कमी आणि कटकट जास्त असते. सभेला येतो म्हणणारे वीस जण असतात आणि प्रत्यक्ष येणारे चार. बाकीच्यांना पाळणाघरातून मूल आणायचे असते किंवा रात्रपाळी असते. तरीही एखाद्या शाखेने अधिष्ठात्यांकडे पाठपुरावा करून नॅशनल गार्डच्या विद्यार्थ्यांना कवायतीच्या शनिवार-रविवारी परीक्षेतून सूट मिळवून दिली, तर त्याचा उपयोग पुढच्या अनेक तुकड्यांना होतो.

याच्याच जोडीला व्हीए वर्क-स्टडी पाहावी, कारण नेतृत्वाचे सर्वांत खरे शिक्षण मला तिथे दिसते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही महाविद्यालयाच्या व्हेटरन्स कार्यालयात डोकावले की हे लक्षात येते. वर्ग २४ ऑगस्टला सुरू झालेले असतात. सेवामुक्तीचा डीडी-२१४ हा दाखला फाइलमध्ये सांभाळत नवा विद्यार्थी खिडकीशी येतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला घरभाड्याचे पैसे इतके कमी कसे, असे विचारतो. खिडकीमागचा विद्यार्थी त्याला समजावतो की भत्ता महिना संपल्यावर मिळतो आणि ऑगस्टचे पैसे फक्त वर्ग सुरू झाल्यापासूनच्या आठ दिवसांचे आहेत. मग तो त्याला महाविद्यालयाच्या तातडीच्या कर्जाचा अर्ज काढून देतो. असे प्रश्न महिनाभर सोडवलेल्या विद्यार्थ्याला यंत्रणा आतून कळते. मोबदला मात्र किमान वेतनाएवढाच असतो: संघराज्याचा दर २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलेला आहे, आणि राज्याचा दर जास्त असेल तर तो मिळतो. ही रक्कम करमुक्त असते. एकूण तास सत्राच्या आठवड्यांना २५ ने गुणून येतात त्यापलीकडे जाऊ शकत नाहीत. कॅलिफोर्नियात ही कमाई बरी होते, टेक्सासमध्ये यथातथाच.

पॉसी फाउंडेशनच्या माजी सैनिक योजनेचा उल्लेख करायला हवा, पण ती अजून पदवी न घेतलेल्या आणि प्रवेशही न घेतलेल्यांसाठी आहे. तिची पहिली तुकडी २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसर महाविद्यालयात दाखल झाली. माजी सैनिकांचा छोटा गट एकत्र प्रवेश घेतो आणि एकमेकांच्या आधाराने शिकतो. जो आधीच एखाद्या विद्यापीठात शिकतो आहे, त्याने यावर वेळ घालवू नये.

निवड करताना मी तरी पुढीलप्रमाणे विचार करीन. जीआय बिलाचे महिने संपत आलेले आहेत आणि पदव्युत्तर शिक्षणाची दिशा पक्की आहे, तर टिलमनचा अर्ज आधी. त्याची मुदत साधारणपणे फेब्रुवारीत असते, म्हणून तयारी नाताळच्या सुट्टीपूर्वीच सुरू करावी. परदेशी मोहिमेची सेवा आहे आणि धोरणात रस आहे, तर व्हीएफडब्ल्यू. पदवीचे दुसरे वर्ष, घरी संसार आणि हाताशी वेळ थोडा, अशी स्थिती असेल तर वर्क-स्टडी घ्यावी, कारण तिथले तास बहुधा वर्गांच्या मध्ये बसवता येतात. शाखेचे अध्यक्षपद मात्र मागची समिती टिकून असेल तरच स्वीकारावे, नाहीतर एकट्याच्या अंगावर सगळे पडते. सैनिकाच्या मुलाला वा मुलीला टिलमन व व्हीएफडब्ल्यू दोन्ही बंद असल्याने वर्क-स्टडी किंवा महाविद्यालयाची स्वतःची फेलोशिप हेच मार्ग उरतात.

महाविद्यालयाची फेलोशिप स्वीकारताना दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. पैसे शुल्कापुरते बांधलेले आहेत की विद्यार्थ्याच्या हाती मानधन म्हणून येणार आहेत, ही पहिली. आणि फेलोशिपच्या कामासाठी एखादा विषय सोडावा लागणार असेल, तर अभ्यासभार निम्म्यावर येणार नाही ना, ही दुसरी. कारण पोस्ट-९/११ जीआय बिलाचा घरभाडे भत्ता निम्म्याहून जास्त अभ्यासभार असेल तरच मिळतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फेलोशिप देणाऱ्या विभागाकडे बहुधा नसते. ते महाविद्यालयात जीआय बिलाची नोंदणी प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याकडून घ्यावे, आणि तेही सत्र सुरू होण्याआधी.