विल्यम्सबर्ग : राजवाडा शेवटी बघा, आधी चिखलात उतरा

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गला, म्हणजे अठराव्या शतकातलं गाव जसंच्या तसं उभं केलेल्या खुल्या संग्रहालयाला, मुलांना घेऊन जाणार असाल तर माझा एकच आग्रह आहे. तिकीट काढलं की सगळे गव्हर्नरच्या राजवाड्याकडे धावतात, तुम्ही धावू नका. अडीचशे वर्षांपूर्वी इथली मुलं कशी जगत होती हे बघायचं असेल, तर ते स्वयंपाकघरात, वीटकामाच्या आवारात आणि एका लहानशा शाळेत दिसतं.

आम्ही रिचमंडला राहतो, तासाभराचा रस्ता. त्यामुळे भारतातून कुणी आलं की विल्यम्सबर्ग ठरलेलंच. 1699 ते 1780 ही व्हर्जिनियाची राजधानी होती. राजधानी रिचमंडला हलली, गाव मागे पडलं आणि म्हणूनच जुनी घरं टिकली. 1926 नंतर रॉकफेलर या धनाढ्य अमेरिकी उद्योगपती घराण्याच्या पैशातून ती दुरुस्त झाली, पडलेल्या इमारती पुन्हा उभारल्या. मुख्य रस्ता सुमारे मैलभर लांब आहे. त्यावरून फिरायला पैसे पडत नाहीत. घरं आणि कारागिरांची दुकानं आतून बघायला तिकीट लागतं. ते जरूर काढा, कारण खरा खजिना आत आहे.

उन्हाळ्यात गेलात तर सकाळीच वीटकाम गाठा. मुलांना अनवाणी पायांनी माती तुडवू देतात. माझ्या लेकीने सँडल काढल्या, फ्रॉक गुडघ्याच्या वर खोचला आणि बेधडक उतरली. तुडवलेल्या मातीचा गोळा कारागीर वाळू लावलेल्या लाकडी साच्यात जोरात आपटतो, वरची जास्तीची माती पट्टीने काढतो आणि साचा उलटा करून ओली वीट वाळत घालतो. उन्हाळाभर अशा विटा जमवतात आणि शरद ऋतूत भट्टी लावतात. लेकीला गंमत वाटत होती. तिला मी तिथेच सांगितलं की त्या काळी हे काम बहुतेक गुलाम माणसांच्या माथी असायचं आणि ओल्या विटा उचलून नेणाऱ्यांत तिच्या वयाची मुलंही असत. ती थोडा वेळ गप्प झाली, मग तिने विचारलं, "त्यांना थांबता यायचं का?" हा प्रश्न पडण्यासाठी तरी मुलांना इथे आणाच.

पेटन रँडॉल्फ यांचं घर चुकवू नका. हे कॉन्टिनेंटल काँग्रेसचे, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध एकत्र आलेल्या अमेरिकी वसाहतींच्या परिषदेचे पहिले अध्यक्ष. 1775 मध्ये ते वारले तेव्हा या एका घरात 27 गुलाम माणसं राबत होती. अमेरिकन क्रांतीच्या उंबरठ्यावर गावातली निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय होती, आणि त्यांतले जवळजवळ सगळे गुलाम. ते डोळ्यांसमोर ठेवूनच परसातलं वेगळं स्वयंपाकघर बघा. चूल म्हणजे भिंतीएवढी भट्टीच. निखारे ओढून फरशीवर पसरायचे, प्रत्येक भांड्याखाली हवा तेवढा विस्तव. झाकणाच्या बिडाच्या भांड्यावरही निखारे ठेवतात, आपल्याकडे आज्या वर-खाली निखारे घालून नानकटाई भाजायच्या तसंच. सासूबाईंनी तिथल्या स्वयंपाकिणीला माझ्यामार्फत विचारलं, "आच कशी ओळखता?" ती म्हणाली, हात आत धरायचा आणि किती वेळ सहन होतं ते बघायचं. सासूबाईंनी लगेच मान डोलावली. पुढची दहा मिनिटं दोघींना माझी फारशी गरज लागली नाही.

मार्गारेट हंटर यांच्या शिवणकामाच्या दुकानात आपल्याकडचं कापड भेटतं. त्या काळी कोरोमंडल किनाऱ्यावरचं छापील चीट ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून लंडनला आणि तिथून इथवर यायचं. मुलग्यांनाही चार-सहा वर्षांचे होईपर्यंत झगेच घालत, हे ऐकून माझा धाकटा हादरला.

पण सगळ्यात जास्त वेळ ठेवा तो ब्रे स्कूलसाठी. लंडनच्या एका धर्मादाय संस्थेने बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सल्ल्याने 1760 मध्ये काळ्या मुलांसाठी ही शाळा काढली. बहुतेक मुलं गुलाम, काही मुक्त. ॲन वेजर या तिथल्या एकमेव शिक्षिका, 1774 मध्ये वारल्या तोवर त्या शिकवत होत्या. हेतू स्वच्छ नव्हता: बायबल वाचा, आज्ञेत राहा, मिळालेलं जिणं मान्य करा, ही शिकवण होती. पण वाचता येऊ लागलं की ते कुणाला काढून घेता येत नाही. आयझॅक बी नावाचा इथला विद्यार्थी 1774 मध्ये मालकाकडून पळाला. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत मालकाने लिहिलं होतं की याला वाचता येतं. मूळ इमारत विल्यम अँड मेरी कॉलेजच्या आवारात ओळखूही न येता उभी होती. लाकडाच्या वाढीच्या कड्यांवरून तिचं वय ठरलं आणि फेब्रुवारी 2023 मध्ये अख्खी इमारत रस्त्यावरून वाहून इथे आणली. हजेरीच्या ज्या याद्या टिकल्या आहेत त्यांत मुलाच्या नावापुढे मालकाचं नाव असतं. मी रविवारी मराठी शाळेत हजेरी घेते, तिथे नावापुढे वडिलांचं नाव असतं. मला त्या यादीपुढून हलवेना.

वेळ उरला तर राजवाडा. मूळचा 1781 मध्ये जळाला, आताचा 1930च्या दशकात बांधलेला. भिंतींवर बंदुका-तलवारींची आरास आहे, मुलांना आवडते.

जेवणाचं म्हणाल तर जुन्या धर्तीच्या टॅव्हर्नमधलं (खाणावळीतलं) शेंगदाण्याचं सूप प्रसिद्ध आहे, पण शाकाहारी असाल तर त्यात चिकनचा स्टॉक आहे का ते आधी विचारा. आम्ही दशम्या आणि चटणी बरोबर नेतो. सगळी दुकानं रोज उघडी नसतात, म्हणून निघण्याआधी त्या दिवशीचा कार्यक्रम बघा आणि ब्रे स्कूलची वेळ आधी पक्की करून बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा.