चार चित्रपुस्तकं आणि एक पावसाळा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निमित्त घडलं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. अंगावर कोड असलेल्या एका मावशींकडून मिरच्या घेत होते, तेवढ्यात मुलानं मोठ्यानं कोंकणीत विचारलं, "हिचे हात अशे कित्याक?" म्हणजे, असे का? मी त्याचा दंड दाबला. "गप रे!" डिचोलीपर्यंत बसमध्ये तो अवाक्षर बोलला नाही. मावशींचं काय गेलं असतं सांगायला? पण त्या दिवशी तो माझ्याकडून एवढंच शिकला, की अशा माणसाकडे बघायचंसुद्धा नाही. तेव्हा मे महिन्यात, तो पहिलीत जायच्या आधी, वेगळेपणावरची ही चार पुस्तकं आणली.

सर्वांत जास्त वाचलं गेलं ते तूलिका प्रकाशनाचं 'कॅच दॅट कॅट'. माझ्याकडे इंग्रजी प्रत आहे, मी मराठीत सांगते आणि मुलगा मधूनमधून कोंकणीत प्रश्न विचारतो. डिप डिप ही व्रात्य मुलगी मैत्रिणीचं हरवलेलं मांजर शोधते. ती व्हीलचेअरवर आहे, पण ते फक्त चित्रात दिसतं. मजकुरात त्याबद्दल चकार शब्द नाही. पहिले काही दिवस मुलाचं सगळं लक्ष मांजरावर. मग एका रात्री चाकावर बोट ठेवून म्हणाला, "तिका चलूंक येना?" मी म्हटलं, नाही येत. त्यावर पुढचा प्रश्न, "खुर्चीला ब्रेक असतो?" झालं, पान उलटलं. दंड न दाबता उत्तर देता येतं, हे मला त्या रात्री कळलं.

'कन्ना पन्ना'ही त्यांचंच, झाई व्हिटेकर यांनी लिहिलेलं. दृष्टी नसलेला कन्ना गुहेतले दिवे गेल्यावर बाकीच्यांना वाट काढून देतो. आमच्याकडे जूनमध्ये वारा सुटला की वीज जातेच, त्यामुळे अंधारात भिंत चाचपत स्वयंपाकघर गाठायचा खेळ घरात महिनाभर चालला. पुस्तक सुंदर आहे. तरी एक खटकतं. मुलानंच विचारलं, "दिवे गेलेच नसते तर?" खरंच, वेगळ्या मुलानं दरवेळी काहीतरी पराक्रम करून दाखवायचा, मगच बाकीच्यांनी त्याला आपलं म्हणायचं का? त्या बाबतीत डिप डिप मला जास्त पटते.

तिसऱ्या पुस्तकाचं नाव घेत नाही. शेवटच्या पानावर 'आपण सगळे समान' असा धडा आहे. मुलगा ते पान येण्याआधीच पुस्तक मिटतो. चौथंही साधारण तसलंच.

पैसे घालायचे नसतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ बघा. 2015 पासून आहे, फुकट आहे, मराठीबरोबर कोंकणी गोष्टीही मिळतात. पणजीला जाणं होत असेल तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, तिथे मुलाला सोबत घेऊन बसा. मला अजून हवं ते पुस्तक मिळालेलं नाही: घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकणाऱ्या, पहिल्या दिवशी बाईंचं बोलणं अर्धंच कळलेल्या मुलाचं. तोही वेगळेपणाच ना.

टिकाऊपणाचं म्हणाल तर आमच्या हवेत पातळ पुठ्ठ्याची पुस्तकं जुलैतच वाकली आणि पिना गंजल्या. 'कन्ना पन्ना'च्या कोपऱ्यांवर बुरशी आली, ती सुक्या फडक्यानं पुसून काढली.

आता खरी गोष्ट. मुलाच्या वर्गातला एक मुलगा कानाचं मशीन लावतो. पहिल्या आठवड्यात आमचा तक्रार घेऊन आला, "तो माझं ऐकतच नाही." दुसऱ्या आठवड्यात त्यानं त्यालाच विचारलं, "कानात काय आहे?" त्या मुलानं मशीन काढून दाखवलं. घरी आल्यावर मला सूचना: त्याच्या पाठीमागून बोलायचं नाही, समोर येऊन बोलायचं. त्याच्या आईशी माझी ओळख झाली ती त्यावरूनच. पावसात मशीनला दमटपणा बाधतो, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवतात. डबीतले निळे दाणे ओल धरली की गुलाबी होतात, हे आमच्यानं त्यांच्या घरी पाहिलं.

परवा नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी हातात घेऊन तो उभा होता. ही पुस्तकांच्या खणात ठेवायची की मित्राला द्यायची, हे त्याला ठरवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती दप्तरात गेली.