जेएलएच क्लास ए अ‍ॅम्प: लिन्सली हूड गेले, सर्किट अजून वाजतंय

ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर जॉन लिन्सली हूड (जेएलएच) २००४ मध्ये गेले, पण त्यांचा १९६९ चा दहा वॅटचा क्लास ए अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, लोक अजून हौसेने बनवतायत, मीपण बनवलाय आणि रोज त्यावरच ऐकतो. हा रिव्ह्यू त्या अ‍ॅम्पचाच आहे, फक्त त्या माणसाला बाजूला ठेवून त्याच्या अ‍ॅम्पबद्दल लिहिणं मला जमणार नाही, तेव्हा दोन्ही एकत्रच येणार.

आधी थोडी पार्श्वभूमी. एप्रिल १९६९ च्या वायरलेस वर्ल्ड या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात हे सर्किट छापून आलं. तेव्हा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प नवे होते, वॉल्व्हवाल्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पपेक्षा हलके, थंड, पण ऐकायला बसलं की कान दुखायचे, आणि गंमत म्हणजे आवाज बारीक ठेवला की जास्त. कारण तेव्हाच्या त्या क्लास एबी पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये दोन आउटपुट ट्रान्झिस्टर लाट अर्धी अर्धी वाटून घेतात, आणि काम एकाकडून दुसऱ्याकडे जातं तिथे सांधा राहतो, त्यालाच क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. मोठ्या आवाजात तो झाकला जातो, बारीक आवाजात मात्र सांधाच ऐकू येतो. लिन्सली हूड यांनी सरळ विचार केला की घरातल्या खोलीत ऐकायला मुळात वॅट लागतात किती? दहा भरपूर झाले. आणि दहाच हवे असतील तर क्लास ए परवडतो, म्हणजे दोन्ही ट्रान्झिस्टर कायम चालूच ठेवायचे, सांधाच नको. त्यांच्या डोळ्यासमोर मापदंड होता विल्यमसनचा १९४७ चा वॉल्व्ह अ‍ॅम्प, तोही त्याच मासिकात आलेला.

एका चॅनलला फक्त चार ट्रान्झिस्टर. खरंच चार. इनपुटला एक पीएनपी, मग आउटपुटवाल्यांना चालवणारा एक ड्रायव्हर, आणि आउटपुटला दोन, दोन्ही एनपीएनच (पीएनपी, एनपीएन हे ट्रान्झिस्टरचे दोन उलट प्रकार). आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होणार, ते ठरवणारे रेझिस्टर दोन, २.७ के आणि २२० ओहम, भागा आणि एक मिळवा, साधारण १३ येतं, झालं. मी बोर्डवर सोल्डरिंग करताना प्रत्येक पार्टवर बोट ठेवून हा इथे का आहे ते सांगू शकत होतो, आणि हे मला दुसऱ्या कुठल्याच अ‍ॅम्पच्या बाबतीत कधी जमलेलं नाही. आजकालचे सर्किट बघा, पार्ट इतके की अर्धे कशासाठी आहेत ते कळत नाही.

या साधेपणामागे लिन्सली हूड यांची नोकरी असणार असं मला मनापासून वाटतं. ते ऑडिओ कंपनीचे मालक वगैरे नव्हतेच. सैन्यात रडार मेकॅनिक, मग रेडिंग विद्यापीठात शिक्षण, मग इंग्लंडमधल्या सेलाफिल्डला अणुऊर्जा खात्याच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये, आणि पुढे जवळपास २५ वर्षं ब्रिटिश सेलोफेन कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक्स रिसर्च लॅबचे प्रमुख. तिथे काय, तर रुंदी मोजायचे गेज, ओलावा मोजायचे मीटर. मोजमापाच्या यंत्रात आयुष्य गेलेला माणूस उगाच पार्ट घालत नाही आणि जे घालतो त्याचं कारण लिहून ठेवतो. वायरलेस वर्ल्ड आणि नंतरच्या इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्डमध्ये (त्याच मासिकाचं पुढचं नाव) त्यांचे तीसहून जास्त लेख आले, आणि हा अ‍ॅम्प तर त्यांनी लोकांनी घरी बनवावा म्हणूनच दिला. वेगवेगळ्या स्पीकरसाठी टेबलसुद्धा काढून दिलं, ३ ओहमला १७ व्होल्ट आणि २ अ‍ॅम्पियर, ८ ओहमला २७ व्होल्ट आणि १.२, १५ ओहमला ३६ व्होल्ट आणि ०.९. समोर कोण बनवायला बसलंय, त्याच्याकडे कुठले स्पीकर असतील, हा विचार करून लिहिलेलं टेबल आहे ते, मला फार भारी वाटतं.

आता वापरायला कसा आहे ते. तापतो. खूप तापतो. २७ गुणिले १.२ म्हणजे एका चॅनलला ३२ वॅट, दोन्ही मिळून ६५ च्या आसपास, आणि हे गाणं चालू असो वा नसो, सतत. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) जेवढं मोठं मिळेल तेवढं घ्या, ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकच्या मध्ये मायका आणि पेस्ट नीट लावा, आणि डबा सगळीकडून बंद अजिबात करू नका.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा, म्हणजे मेन्सच्या वायरीत मध्ये एक बल्ब, काही चुकलं तर करंट तो अडवतो. क्लास ए असल्याने बल्ब थोडा पेटलेलाच राहणार, त्याला घाबरू नका, झगझगीत पेटला तर मात्र लगेच बंद करा. मग मल्टिमीटरने दोन आउटपुट ट्रान्झिस्टरच्या मधला बिंदू सप्लायच्या निम्म्यावर आणा, म्हणजे साडेतेरा व्होल्ट, मग करंट सेट करा, आणि हीटसिंक पूर्ण तापल्यावर दोन्ही परत बघा, कारण गरम झाल्यावर आकडे सरकतात.

पॉवर सप्लायमध्ये कंजूसी केली तर हा अ‍ॅम्प माफ करत नाही. सतत एवढा करंट ओढला जातो की एसीचा डीसी करणारा साधा ब्रिज आणि एक कॅपॅसिटर लावला तर गुणगुण येतेच, सेन्सिटिव्ह स्पीकर असेल तर जास्तच. रेग्युलेटेड सप्लाय करा किंवा निदान कपॅसिटन्स मल्टिप्लायर, म्हणजे ट्रान्झिस्टर वापरून गुणगुण गाळणारं छोटं सर्किट. आणि आउटपुटला कॅपॅसिटर आहे म्हणून चालू करताना स्पीकरमध्ये ठप्प असा आवाज होतो, तो चालवून घ्या, कारण उद्या ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर तोच कॅपॅसिटर स्पीकर वाचवणार आहे. तयार बोर्ड किट घेणार असाल तर त्यातल्या २एन३०५५ या आउटपुट ट्रान्झिस्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, नकली पुष्कळ फिरतात, मला आलेले मी सरळ काढून ठेवले आणि खात्रीचे घातले.

आणि आवाज... रात्री सगळं शांत झाल्यावर व्हॉल्यूम अगदी खाली ठेवून तंबोऱ्यासोबतचं गाणं लावा. तार छेडल्यानंतर सूर विरत विरत जातो ना, तो शेवटपर्यंत जातो, मध्येच खरखरीत होऊन तुटत नाही, आणि गायकाने पुढच्या ओळीआधी घेतलेला श्वास वेगळा ऐकू येतो. लिन्सली हूड यांना १९६९ मध्ये जो सांधा काढायचा होता तो इथे नाहीये हे कानाला कळतं. व्हायोलिन, सतार, एकटा आवाज, हे सगळं अप्रतिम.

दणदणीत ऐकणाऱ्यांनी मात्र नाद सोडा. ९० डीबीचा स्पीकर (एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल आवाज देणारा) असेल तर दहा वॅटला एक मीटरवर १०० डीबी मिळतात, ते घरात पुरे आहेत, पण ८४ वाला छोटा बुकशेल्फ लावून ड्रम वाजवाल तर लगेच दम लागतो, आणि ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या सेटिंगवर लावणं तर नकोच.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे १९९६ मध्ये, सत्तरीत असताना, ते स्वतः परत याच सर्किटकडे वळले आणि इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्डमध्ये सुधारलेलं रूप दिलं, दोन बाजूंचा प्लस मायनस सप्लाय, नंतर आलेले चांगले ट्रान्झिस्टर. नाव झालं होतं, हात झटकून मोकळे होऊ शकले असते, पण नाही. नवीन बनवणाऱ्याला मी तरी आधी १९६९ वालाच बनवा म्हणेन, त्यात सगळं उघडं दिसतं आणि हात बसतो.

माझ्याकडे १५ ओहमचे जुने स्पीकर पडून आहेत, त्यांच्यासाठी आता त्याच टेबलातला ३६ व्होल्टवाला घेतलाय करायला, हीटसिंक मिळालंय, ट्रान्झिस्टर जुळवायचे बाकी आहेत.