वर्गातील लॅपटॉपसाठी बूट होणारे पेनड्राइव्ह: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या पाचवी ते आठवीच्या शाळेत देणगीतून आलेले ११ लॅपटॉप आहेत आणि त्यांतील कोणतेही दोन एकमेकांसारखे नाहीत. चार लॅपटॉपमधील हार्ड डिस्क देणाऱ्यांनी काढून घेतली होती, दोहोंचा पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता आणि उरलेल्यांवर विंडोज ७ होते, ज्याची सुरक्षा देखभाल जानेवारी २०२० मध्येच संपली आहे. ३५ मिनिटांच्या तासिकेतील पहिली दहा मिनिटे पडदा उजळण्याची वाट पाहण्यात जाऊ लागली, तेव्हा लॅपटॉपमध्ये काय आहे याचा विचारच सोडून द्यावा आणि संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवावी, असे मी जूनमध्ये ठरवले. फेब्रुवारीपर्यंतच्या वापरात काय टिकले आणि काय बदलावे लागले, ते येथे नोंदवत आहे.

पहिला विचार शुगर ऑन अ स्टिकचा, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मुलांसाठीच्या प्रणालीचा होता. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथील शाळेत २००७ मध्ये मुलांना ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचे एक्सओ लॅपटॉप मिळाले होते. त्यांवरचे शुगर नावाचे वातावरण २००९ पासून पेनड्राइव्हसाठीही उपलब्ध झाले, आणि त्याची कल्पना मला आजही सुंदर वाटते. मात्र ते ज्या फेडोरा या लिनक्स प्रणालीवर (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) चालते, तिच्या जुन्या पद्धतीच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये बदल साठवण्यासाठी जो ओव्हरले असतो, त्यात एकदा व्यापलेली जागा फाइल पुसली तरी मोकळी होत नाही. तो भरला की पेनड्राइव्ह चालेनासा होतो. रोज तीन मुले एका यंत्रावर बसणार असतील, तर हा हिशेब परवडत नाही.

म्हणून मी एमएक्स लिनक्सची डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली २३ वी आवृत्ती निवडली, आणि त्यामागे एकच कारण होते. तिच्यात स्नॅपशॉट नावाचे साधन आहे: एका यंत्रावर हवे ते सॉफ्टवेअर बसवायचे, मांडणी करायची, आणि त्या चालू प्रणालीचीच नवी आयएसओ फाइल (अख्खी प्रणाली सामावणारी एकच फाइल) बनवून ती सर्व पेनड्राइव्हवर उतरवायची. आमची फाइल ३.६ जीबीची झाली. ती तयार व्हायला आमच्या त्यातल्या त्यात बऱ्या लॅपटॉपवर सुमारे २५ मिनिटे लागतात. आकुंचनासाठी एक्सझेड ही पद्धत निवडली तर फाइल लहान होते, पण प्रत्येक कार्यक्रम उघडताना उलगडण्याचा वेळ वाढतो. त्यामुळे झेडस्टँडर्ड हा मधला मार्ग आम्हाला मानवला.

स्नॅपशॉट घेताना खाती जशीच्या तशी ठेवायची की नव्याने करायची, असा प्रश्न येतो. वाटपासाठी दुसरा पर्याय योग्य आहे, कारण त्यात तुमचे पासवर्ड आणि खासगी फाइली जात नाहीत. परंतु त्यात होम फोल्डरमधील, म्हणजे वापरणाऱ्याच्या फाइली आणि सेटिंग जिथे राहतात तिथले, काहीच जात नाही, हे मी पहिल्या खेपेला विसरलो. जीकॉम्प्री या मुलांच्या शैक्षणिक खेळांच्या संचातील इंग्रजी उच्चारांच्या ध्वनिफाइली मी शाळेबाहेर वायफायवर बसून उतरवल्या होत्या आणि त्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या कोपऱ्यात होत्या. बारा पेनड्राइव्ह तयार झाले, मुले बसली, आणि अक्षरांचा खेळ मुका निघाला. नव्या खात्याचे होम फोल्डर ज्या साच्यावरून तयार होते, त्या फोल्डरात या फाइली आधी ठेवायच्या असतात. एका वाक्याची ही गोष्ट मला एका रविवारात पडली.

पेनड्राइव्हच्या खरेदीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. पहिल्या खेपेत बाजारातून स्वस्तात आणलेल्या १२ पैकी दोन पेनड्राइव्ह सपशेल खोटे होते. वर ६४ जीबी छापलेले, संगणकही ६४ जीबीच दाखवत असे, पण सुमारे आठ जीबीनंतर लिहिलेले सारे हवेत जाई. अशा पेनड्राइव्हवर प्रणाली बसते, सुरूही होते, आणि मुलांचे काम वाढू लागल्यावर काही आठवड्यांनी अकारण बिघडते. दोष मात्र आपण सॉफ्टवेअरला देत राहतो. लिनक्सवर एफ-३ आणि विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू ही साधने पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतात आणि खरी क्षमता सांगतात. एका पेनड्राइव्हला तासभर लागतो, तरी ही परीक्षा झाल्याशिवाय मी आता एकही पेनड्राइव्ह वर्गात नेत नाही. गतीबाबतही डब्यावरच्या आकड्यांचा उपयोग नाही, कारण प्रणाली चालवताना एक मोठी फाइल वाचायची नसते, शेकडो बारीक फाइली लिहाव्या-वाचाव्या लागतात, आणि स्वस्त पेनड्राइव्ह नेमके तिथेच अडतात.

यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी सुरुवातीलाच दाबायची कळ प्रत्येक बनावटीची वेगळी असते. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, एसुसवर एस्केप. एसरवर एफ-१२ चालते, पण ती सोय आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सुरू करावी लागते. प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर त्याची कळ चिकटपट्टीवर लिहून ठेवली आणि आठवड्याभरात सहावीची मुले मला न विचारता यंत्रे सुरू करू लागली. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त प्रमाणित प्रणालीच सुरू होऊ देणारे यंत्रातील संरक्षण, एमएक्सच्या या आवृत्तीला चालत नसल्याने ते बंद करावे लागते. जुन्या यंत्रांवर त्याने काहीच बिघडत नाही. एका सहकारी शिक्षकांच्या स्वतःच्या नव्या लॅपटॉपवर मात्र ते बंद केल्यावर विंडोजने बिटलॉकरची (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली, आणि ती सापडेपर्यंत आम्हा दोघांच्या तोंडचे पाणी पळाले होते. ज्या यंत्रात कोणाची कामाची माहिती आहे, त्याला हात लावण्यापूर्वी ती की लिहून घ्यावी.

आता ज्यावर सर्वाधिक वेळ गेला त्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे पर्सिस्टन्स, अर्थात केलेले काम पेनड्राइव्हवर टिकून राहण्याची सोय. एमएक्समध्ये तिचे अनेक प्रकार आहेत आणि नावे इतकी सारखी आहेत की पहिला महिना मी चुकीचा प्रकार वापरत होतो. एका प्रकारात प्रणालीतील बदल रॅममध्ये राहतात आणि यंत्र बंद करताना एकदम पेनड्राइव्हवर उतरतात. चालताना हा प्रकार सर्वांत चपळ असतो. पण आमच्या ११ पैकी आठ लॅपटॉपच्या बॅटऱ्या मेलेल्या आहेत, म्हणजे वीज गेली की यंत्र त्याच क्षणी बंद. आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. शिवाय बंद करताना बदल साठवायचे का, असा प्रश्न पडद्यावर येत असे आणि घंटा झालेली मुले त्याचे उत्तर न देताच पेनड्राइव्ह उपटून घेत. दुसऱ्या, स्टॅटिक प्रकारात प्रत्येक बदल थेट पेनड्राइव्हवर लिहिला जातो. काम वाचू लागले, पण यंत्रे जड झाली, आणि कोणीतरी पॅनेल हलवले, कोणी भाषा बदलली, कोणी चिन्हे पुसली, हे सारेही निष्ठेने टिकून राहू लागले. ऑगस्टअखेर बारा पेनड्राइव्हवर बारा वेगवेगळ्या प्रणाली होत्या.

सप्टेंबरपासून प्रणालीचे बदल मुळीच साठवायचे नाहीत आणि फक्त होम फोल्डर टिकवायचे, असे ठेवले आहे. होमचे बदल थेट लिहिले जातात, त्यामुळे वीज गेली तरी फार तर शेवटची एक-दोन मिनिटे जातात. मांडणी कोणी फारच बिघडवली तर होमची फाइल पुसून नवी करतो, मात्र त्याआधी मुलांचे काम बाजूला काढून घेतो. नवे सॉफ्टवेअर हवे असेल तर मूळ यंत्रावर बसवून नवा स्नॅपशॉट घेतो. हे सत्रातून एकदाच करतो. आठ महिन्यांत मी घेतलेला हाच एक निर्णय मी आग्रहाने सांगेन, कारण यानंतर तासिकेत माझा वेळ पुन्हा शिकवण्यात जाऊ लागला.

चाचणीच्या दिवशी आम्ही आणखी एक सोय वापरतो. ज्या यंत्रांची रॅम आमच्या ३.६ जीबीच्या फाइलीपेक्षा बरीच जास्त आहे, त्यांवर संपूर्ण प्रणाली रॅममध्ये चढवण्याचा पर्याय घेतला की सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे जास्त लागतात, पण नंतर कार्यक्रम झटकन उघडतात.

टक्स पेंट हा चित्रे काढण्याचा कार्यक्रम पाचवी-सहावीच्या मुलांना सर्वांत प्रिय आहे आणि त्याचे पडद्यावरचे शब्द मराठीत येतात. ते चित्राला नाव विचारत नाही. तारीख आणि वेळ यांवरून स्वतःच नाव देते आणि चित्र एका लपलेल्या फोल्डरात ठेवते. येथे एक गंमत झाली. ज्या लॅपटॉपमधील नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला होता, त्याचे घड्याळ दर वेळी मागच्या दशकात जात असे, आणि आठवड्यापूर्वी काढलेली बैलपोळ्याची चित्रे बालवाडीच्या काळातली ठरत. सहा सेल बदलले आणि टक्स पेंटच्या सेटिंगमध्ये चित्रांचे फोल्डर डोळ्यांसमोर येईल असे बदलून घेतले. टक्समॅथ या गणिताच्या खेळातील पडते धूमकेतू पाढ्यांसाठी उत्तम आहेत. जीकॉम्प्री जुन्या ग्राफिक्सवर अडखळते, परंतु ते सॉफ्टवेअर रेंडररवर, म्हणजे चित्रण ग्राफिक्सऐवजी मुख्य प्रोसेसरकडून करून घेण्याच्या पर्यायावर, सुरू केले तर बरेच सुसह्य होते. सातवी-आठवीला कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील मराठी अनुकरणे वापरतो. प्रत्येक अनुकरण ही एकच वेबफाइल असते आणि ती इंटरनेटशिवाय फायरफॉक्समध्ये उघडते. त्याच्या जोडीला किविक्स या इंटरनेटशिवाय संकेतस्थळे वाचण्याच्या साधनावर मराठी विकिपीडिया आणि बालभारतीच्या पीडीएफ आहेत. स्टेलेरियम या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाची मला फार हौस होती, पण ते आमच्या निम्म्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचे निघाले.

मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांच्या कळफलकाची प्रमाण मांडणी आधीपासूनच लावून ठेवली आहे. दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या असे शब्द मुलांना अडवत. साधा र घेतला की रफार होतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून ऱ घ्यायचा, मग डीवरचा हलन्त आणि मग य. हे फळ्यावर एकदा लिहून दिल्यावर प्रश्न मिटला.

पेनड्राइव्ह घरी नेण्यास मी आता परवानगी देत नाही. एका मुलाने तो नातेवाइकांच्या विंडोज संगणकाला लावला, डिस्क फॉरमॅट करायची का, असे विचारले गेले आणि कोणीतरी हो म्हटले. लिनक्सचे विभाजन विंडोजला वाचता येत नसल्याने हा प्रश्न येतोच. पेनड्राइव्ह बनवताना सुरुवातीलाच विंडोजला वाचता येईल असा डेटाचा वेगळा भाग ठेवण्याची सोय एमएक्समध्ये आहे; दुसऱ्या खेपेपासून आम्ही ती घेतली आणि मुलांच्या कामाची मासिक प्रतही तिथेच ठेवतो. वापराने एकच पेनड्राइव्ह गेला. जानेवारीत त्याने लिहिणे बंद केले, वाचणे मात्र चालू होते, त्यामुळे त्यावरचे काम पूर्ण परत मिळाले.

दोन लॅपटॉप ३२ बिटचे, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरचे, आहेत आणि त्यांच्यासाठी स्नॅपशॉट त्यांच्यापैकीच एकावर वेगळा घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा यंत्रांसाठी कर्नेल (प्रणालीचा गाभा) आणि इन्स्टॉलर राहिलेले नाहीत, तेव्हा जूनमध्ये बाकीचे पेनड्राइव्ह नव्या आवृत्तीवर नेले तरी हे दोन सध्याच्याच आवृत्तीवर राहतील. त्यांची आयएसओ फाइल मी कार्यालयातील संगणकावर आणि माझ्या घरी, अशी दोन ठिकाणी ठेवली आहे.