बीटीआय वापरून पाच-सहा महिने: चिलटं गेली, झाकणावरचा राग कायम

आधी भांडणाचं सांगतो. कुंडीतल्या चिलटांच्या अळ्या मारायला मागवलं होतं बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूची इस्रायलेन्सिस उपजात. हाती आली त्याच जिवाणूची दुसरी उपजात, कुर्स्टाकी. ती पानं खाणाऱ्या, फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांसाठी. कुंडीतल्या चिलटांवर उपयोग शून्य. विक्रेता म्हणे, 'सर, दोन्ही बीटीच आहे.' लेबलचे फोटो पाठवून पाठवून शेवटी बाटली बदलून मिळाली, पण परतीच्या कुरिअरचा भुर्दंड मलाच.

नव्या बाटलीच्या झाकणावर मापाची एक रेघ नाही! लेबलवर 'लिटरला ५ मिली' छापायचं आणि झाकण कोरं द्यायचं? खोकल्याच्या औषधाचं माप कुंड्यांकडे वळवलं, त्यावरून घरात ऐकून घेतलं ते वेगळंच.

पहिल्यांदा ओतल्यावर चिलटं होती तेवढीच. एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण उडत्या चिलटाला किंवा अंड्याला हे काहीच करत नाही. अळीने खाल्लं तरच त्यातले प्रथिनांचे स्फटिक तिच्या आतड्यात विरघळून घात करतात. अंडं ते चिलट हा फेरा तीन-चार आठवड्यांचा, म्हणून दर आठवड्याला ओतत राहायचं. खात्री करायला पीस लिलीच्या कोकोपीटवर बटाट्याची चकती ठेवली. दोन दिवसांनी उलटली तर खाली पांढुरक्या, आरपार दिसणाऱ्या अळ्या वळवळत होत्या. डोकं तेवढं काळं कुळकुळीत. महिना उलटल्यावर चकत्या कोऱ्या निघू लागल्या, पिवळी चिकट कार्डंही रिकामी. तेव्हा एकाचे चार स्टार केले. मात्र वरची माती वाळू दिल्याशिवाय पाणी घालत असाल तर पैसे वाया.

स्टाइनरनेमा फेल्टिए हे अळ्या मारणारे सूत्रकृमी (मातीतले बारीक कृमी) वापरा असंही कोणी सुचवतं. युरोपात ठीक आहे. त्यांना गार माती मानवते, आपल्या एप्रिल-मेमध्ये काय टिकणार?

अनपेक्षित फायदा मनीप्लँटच्या बाटलीत. हा जिवाणू १९७६मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला, तोच मुळी डासांच्या अळ्या असलेल्या डबक्यात. दोन थेंब टाकले, तर दुसऱ्या दिवशी पाण्यातली वळवळ थांबलेली. डेंग्यूच्या तपासणीला येणाऱ्यांची आता धास्ती नाही.

बाकी लिटरची बाटली फ्लॅटमधल्या कुंड्यांना फार होते. मुदत संपेपर्यंत अर्धीही संपणार नाही, म्हणून शेजारी वाटतोय. पाव लिटरची काढा, झाकणावर रेघा मारा, पुन्हा घेईन.